आईचें दूध पातळ कां असतें?

दुधाची पारख आपण डोळ्यांनीं करतों. गवळी दूध घालतांना त्याची धार पाहावयाची, तापल्यावर साय किती जाड आली तें पाहावयाचें, आणि मग दूध चांगलें कीं वाईट हें ठरवावयाचें, ही घरोघरची रीत आहे. म्हशीच्या दुधास भाव अधिक, कारण तें दाट. चहाच्या आणि विरजणाच्या दुधास ही पारख लागू पडते, यांत शंका नाहीं. परंतु हीच पारख जेव्हां बाळंतिणीच्या खोलींत शिरते, तेव्हां तिच्यामुळें अनर्थ होतो. आईचें दूध वाटींत काढून पाहिलें तर तें किंचित् निळसर आणि पाण्यासारखें पातळ दिसतें. तें पाहून घरांतील एखादें वडील माणूस निकाल देऊन टाकतें कीं, हिच्या दुधांत कस नाहीं, यानें मुलाचें पोट कसें भरणार? दुसऱ्या दिवशीं घरांत डबा येतो, बाटली येते, आणि एका निरोगी आईच्या मनांत स्वतःच्या शरीराविषयीं शंका घर करून बसते.

या निकालाची तपासणी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. मी वैद्य नव्हे. शाळेंत गणित आणि शास्त्र शिकविणारा मास्तर होतों. तेव्हां आरंभ आंकड्यांपासूनच करतों.

बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांनीं आईचें दूध स्थिरावतें. अशा १०० ग्रॅम दुधांत ८७ ते ८८ ग्रॅम पाणी असतें. उरलेल्या बारा-तेरा ग्रॅमांत दुग्धशर्करा सुमारें ७ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ साडेतीन ते चार ग्रॅम, प्रथिनें अवघीं १ ग्रॅमच्या आसपास, आणि क्षार केवळ ०.२ ग्रॅम. आतां गाईचें दूध घ्या. त्यांत स्निग्ध पदार्थ जवळ जवळ तितकेच. शर्करा मात्र कमी, ४.७ ग्रॅमच्या आसपास, प्रथिनें ३.३ ग्रॅम, म्हणजे तिपटीहून अधिक. आणि क्षार ०.७ ग्रॅम. म्हशीच्या दुधांत स्निग्ध पदार्थ सात ग्रॅमच्या घरांत जातात आणि प्रथिनें चार ग्रॅमच्या आसपास असतात.

या आंकड्यांत एक गोष्ट सहज नजरेंतून सुटते. गाईच्या ज्या दुधास आपण सकस म्हणतों, त्यांतही शेंकडा ८७ भाग पाणीच आहे! आणि शक्तीचा हिशेब केला, तर आईच्या १०० ग्रॅम दुधांतून ६५ ते ७० कॅलरी मिळतात. गाईच्या दुधांतूनही साधारण तितक्याच. मग एक दूध पांढरें शुभ्र आणि दुसरें निळसर कां दिसतें? याचें कारण केसीन नांवाचें प्रथिन. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधांत तरंगत असतात, त्यांवरून प्रकाश सर्व बाजूंस फांकतो, आणि दूध पांढरें दिसतें. आईच्या दुधांत केसीन थोडें, म्हणून पांढरेपणाही थोडा. जो पातळपणा पाहून आपण घाबरतों, तो पाण्याचा नव्हे, केसीनच्या उणेपणाचा आहे.

यावर कोणी विचारील कीं, केसीन कां होईना, पण प्रथिनांनींच शरीर बनतें ना? मग निसर्गानें माणसाच्या बाळाशीं अशी कृपणता कां करावी? या प्रश्नाचा विचार बासल येथील गुस्टाव्ह फॉन बुंगे या शरीरशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. त्यानें निरनिराळ्या प्राण्यांचें दूध आणि त्यांच्या पिलांच्या वाढीचा वेग हीं शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं. वासराचें जन्माच्या वेळचें वजन सुमारें ४७ दिवसांत दुप्पट होतें. सशाच्या पिलाचें वजन सहा दिवसांतच दुप्पट होतें, आणि सशीच्या दुधांत प्रथिनें शेंकडा दहाहून अधिक असतात. मनुष्याच्या बाळास मात्र वजन दुप्पट करण्यास चार ते पांच महिने लागतात. जें पिलूं झपाट्यानें वाढावयाचें, त्याच्या दुधांत प्रथिनें आणि क्षार अधिक. जें सावकाश वाढावयाचें, त्याच्या दुधांत कमी.

याचें दुसरें टोंक पाहावयाचें असेल तर उत्तर अटलांटिकच्या बर्फावर जावें लागेल. तेथील हूडेड सील या जातीची मादी आपल्या पिलास अवघे चार दिवस पाजते. तिच्या दुधांत शेंकडा सुमारें साठ भाग चरबीच असते. कारण त्या चार दिवसांत पिलाच्या अंगावर थंडीस पुरेल एवढा चरबीचा थर चढवावयाचा असतो. आपल्या बाळास बर्फावर निजावयाचें नाहीं, आणि वासराप्रमाणें जन्मल्या दिवशीं उभेंही राहावयाचें नाहीं. त्यास पुष्कळ दिवस आईच्या कुशींत राहावयाचें आहे, वारंवार थोडें थोडें प्यावयाचें आहे, आणि त्या अवधींत मुख्यतः आपला मेंदू वाढवावयाचा आहे. पातळ दूध हा त्या सावकाश वाढीचा बेत आहे. तो दोष नव्हे.

दाट दूध अधिक चांगलेंच, असें समजणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शरीरास लागणाऱ्या प्रथिनांहून आणि क्षारांहून जें अधिक पोटांत जातें, त्याचा अवशेष मूत्रपिंडांस लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो, आणि त्यास पाणी लागतें. तान्ह्या बाळाचीं मूत्रपिंडें अद्याप पुरतीं कसलेलीं नसतात. गाईम्हशीचें दूध त्यांवर ओझें लादतें. आईचें दूध लादत नाहीं. म्हणूनच ऐन वैशाखांतसुद्धां पहिले सहा महिने केवळ अंगावर पिणाऱ्या बाळास निराळें पाणी पाजावें लागत नाहीं. शिवाय गाईच्या दुधांतील प्रथिनांपैकीं शेंकडा ऐंशी भाग केसीन असल्यानें पोटांत त्याची घट्ट कवडी बनते. आईच्या दुधांत केसीनपेक्षां निवळींतील प्रथिनांचा वांटा मोठा असतो. त्याचें दहीं मऊ बनतें आणि लवकर पचतें. अंगावरचें मूल दोन-अडीच तासांत पुन्हां भुकेलें होतें, तें याच कारणानें. तेवढ्यावरून दूध पुरत नाहीं असा तर्क काढणें बरोबर नव्हे.

आतां स्निग्ध पदार्थांकडे वळूं. आईच्या दुधांतील निम्मी शक्ति यांतूनच येते, आणि मेंदूच्या घडणींत लागणारीं कांहीं विशेष स्निग्धाम्लेंही यांतच असतात. परंतु या घटकाचें प्रमाण दिवसभर एकसारखें राहत नाहीं. एकाच पाजण्यांतसुद्धां तें बदलतें. आरंभीं येणारें दूध पातळ असतें; तें तहान भागवितें. बाळ ओढत जातें तसतसें दूध अधिक स्निग्ध होत जातें, आणि शेवटच्या दुधांत स्निग्ध पदार्थ आरंभीच्या दुप्पट-तिप्पटही असूं शकतात. परीक्षेसाठीं वाटींत काढलेलें दूध बहुधा आरंभींचें असतें, आणि तेवढ्यावर साऱ्या दुधाचा निकाल दिला जातो. यावरून एक व्यवहाराचा धडा घ्यावयाचा, तो असा कीं, घड्याळ पाहून बाळास मध्येंच ओढून घेऊं नये. एका बाजूचें दूध त्याला मनसोक्त पिऊं द्यावें, मग दुसरी बाजू द्यावी.

शर्करेची कथा याहून नवलाची आहे. दुग्धशर्करा आईच्या दुधांत भरपूर असते, हें वर सांगितलेंच. पण तिच्याखेरीज लिटरमागें ५ ते १५ ग्रॅम अशा संयुक्त शर्करा असतात कीं, ज्या बाळास पचवितांच येत नाहींत! त्यांचे दीडशेंहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. जें पचत नाहीं तें आईनें आपल्या रक्तामांसांतून कां तयार करावें? पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील हेन्री टिसिए यानें १८९९-१९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बालकांच्या मलांत बायफिडस नांवाचे जंतु विपुल आहेत, असें दाखवून दिलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत पॉल ग्यॉर्गी आणि रिचर्ड कून यांच्या संशोधनानें हें उमगलें कीं, या जंतूंस वाढविणारा अंश आईच्या दुधांतील याच शर्करांत आहे. बाळाच्या आंतड्यांत हितकारक जंतूंची वस्ती व्हावी आणि रोगजंतूंस जागाच उरूं नये, एवढ्यासाठीं आई त्या जंतूंनाही जेवूं घालते. कांहीं रोगजंतु आंतड्यास चिकटण्याऐवजीं या शर्करांनाच चिकटतात आणि मलाबरोबर निघून जातात.

येथें पोषण आणि रक्षण यांमधली रेषा पुसट होते, आणि ती सर्वांत पुसट होते चिकाच्या ठिकाणीं. बाळंतपणानंतर पहिले दोन-चार दिवस जें दाटसर, पिवळें दूध येतें, तो चीक. त्याचा पिवळा रंग कॅरोटीनचा. तो नासकेपणाचा नव्हे. त्यांत प्रथिनें पुढच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतात, आणि त्यांतील मोठा भाग रोगप्रतिकारक प्रथिनांचा असतो. तीं बाळाच्या घशावर आणि आंतड्याच्या अस्तरावर पहारा करतात. यांत विशेष असें कीं, आईच्या आंतड्यांत वा श्वासनलिकेंत जे जंतु शिरलेले असतात, त्यांच्याविरुद्धच हीं प्रथिनें बनलेलीं असतात. म्हणजे ज्या घरांत बाळ वाढावयाचें, त्याच घरांतील रोगांविरुद्ध हा बंदोबस्त असतो. असा माल कोणत्याही कारखान्यांत, कोणत्याही डब्यांत भरतां येणार नाहीं.

आपल्या वागण्यांतील विसंगति येथें मला फार जाणवते. गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस गूळ-वेलची घालून आपण आवडीनें खातों, शेजारीं वाटी पाठवितों. आणि घरांतील लेकीसुनेचा चीक मात्र जड म्हणून, अपवित्र म्हणून पिळून टाकावयास सांगतों! बाळाच्या जिभेवर त्याऐवजीं मध किंवा गुळाचें पाणी लावतों. मधांत कधीं कधीं असें जंतुबीज असतें कीं, मोठ्या माणसास तें बाधत नाहीं, पण तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतूं शकतें. चीक थोडा येतो, एका वेळीं चमचा-दोन चमचे, हें खरें. पण पहिल्या दिवशीं बाळाचें पोटही तेवढेंच असतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत जन्मानंतर पहिल्या तासांत अंगावर पाजलेल्या मुलांचें प्रमाण आपल्या देशांत शेंकडा ४२ च्या आसपासच आढळलें. हा उशीर केवळ गरिबीमुळें होत नाहीं. शिकलेल्या घरांतही होतो.

श्रोतेहो, आईच्या दुधाची थोरवी सांगतांना त्यांतील उणीवा झांकून ठेवणें मला प्रशस्त वाटत नाहीं. ‘ड’ जीवनसत्त्व आईच्या दुधांत फार थोडें असतें. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तान्ह्या मुलास रोज ४०० एककें थेंबांच्या रूपानें देण्यास सांगते. ‘के’ जीवनसत्त्वही थोडें, आणि त्याच्या अभावीं नवजात बालकास रक्तस्राव होऊं शकतो. यास्तव जन्मतांच त्याचें इंजेक्शन देतात. लोह अल्प असतें. जें असतें तें पुष्कळ अंशीं अंगीं लागतें, आणि पूर्ण दिवसांचें बाळ आईच्या पोटांतूनच कांहीं महिन्यांची शिल्लक घेऊन येतें. पण सहा महिन्यांच्या सुमारास ती शिल्लक सरते. म्हणून त्या वेळीं मऊ खिचडी, डाळ, भाजी, नाचणी असें वरचें अन्न सुरू करणें अवश्य आहे. दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेंही चालूं ठेवावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे.

कांहीं जीवनसत्त्वांच्या बाबतींत मात्र आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण अक्षरशः खरी ठरते. फिलिपाइन्समध्यें सडीक पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या मातांचीं अंगावर पिणारीं मुलें बेरीबेरीनें दगावत असत. १९१२ सालीं चेंबरलेन आणि व्हेडर या दोघां अमेरिकन लष्करी डॉक्टरांनीं अशा मुलांस तांदळाच्या कोंड्याचा अर्क देऊन बरें केल्याचें प्रसिद्ध केलें. आईच्या आहारांत ‘ब१’ नव्हतें, म्हणून दुधांतही नव्हतें. १९६२ सालीं वेल्लोरच्या डॉक्टरांनीं ‘ब१२’ विषयीं असेंच दाखवून दिलें. तें जीवनसत्त्व प्राणिज अन्नांतूनच मिळतें. ज्या माता दीर्घकाळ त्यावांचून राहिल्या, त्यांचीं अंगावरचीं मुलें फिक्कट आणि मंद होऊं लागलीं. आपल्या शाकाहारी घरांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. बाळंतिणीस दूध, दहीं, ताक मुबलक मिळालें पाहिजे, आणि जरूर तर डॉक्टरांस विचारून ‘ब१२’ ची गोळीही दिली पाहिजे.

याउलट प्रथिनें आणि शर्करा यांची तऱ्हा निराळी. कुन्नूर येथील पोषण-संशोधन शाळेंत डॉ. गोपालन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत दरिद्री स्त्रियांच्या दुधाची तपासणी केली. अर्धपोटीं राहणाऱ्या त्या मातांच्या दुधांतील प्रथिनें चांगलें खाणाऱ्या स्त्रियांच्या दुधाहून फारशीं कमी भरलीं नाहींत. पण यांत आनंद मानण्यासारखें कांहीं नाहीं. आहारांतून जें मिळत नाहीं, तें आई आपल्या शरीरांतून काढून देते. बाळाचा हिशेब चुकता होतो आणि आईच्या खात्यांत तूट पडते. दूध तयार करण्यास आईला रोज पांचशें ते सहाशें कॅलरी अधिक लागतात. म्हणून अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू ही आपली चाल चांगलीच आहे. मात्र त्यांबरोबर डाळ, पालेभाजी, फळें आणि चालत असल्यास अंडीं-मासेही असावेत. बाळंतिणीला वरण-भाताखेरीज सारें वर्ज्य करणें ही चाल टाकून देण्यासारखी आहे.

आतां पुन्हां त्या डब्याकडे आणि बाटलीकडे येतों. दूध हें हौदांतील पाण्याप्रमाणें सांठवून ठेवलेलें नसतें; बाळ जितकें ओढतें तितकें तें पुन्हां तयार होतें. वरचें दूध दिलें कीं बाळ कमी ओढतें, कमी ओढलें कीं दूध कमी येतें, आणि मग “दूध पुरत नाहीं” ही खोटी समजूत खरी होऊन बसते. १९३९ सालीं सिंगापूर येथें डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं रोटरी क्लबपुढें एक भाषण केलें. त्याचें नांवच ‘दूध आणि खून’ अशा अर्थाचें होतें. डब्यांतील गोड, आटीव दूध बालकांचें अन्न म्हणून खपविल्यानें होणारे मृत्यु हे खूनच समजले पाहिजेत, असें त्यांनीं परखडपणें सांगितलें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा मालाच्या विक्रीविषयीं नियमावली स्वीकारली, आणि आपल्या देशांत १९९२ सालीं कायदा होऊन शिशुदुग्धाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींस बंदी झाली. परंतु घरांतील माणसांच्या तोंडच्या जाहिरातीस कोणताही कायदा बंदी करूं शकत नाहीं. “हिचें दूध पातळ आहे” हें वाक्य ही तसलीच एक जाहिरात आहे.

मग दूध पुरतें कीं नाहीं, हें ओळखावें कसें? दुधाकडे पाहूं नये, बाळाकडे पाहावें. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसांतून सहा किंवा अधिक दुपटीं लघवीनें भिजवीत असेल, पिऊन झाल्यावर स्वस्थ होत असेल, आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतें आहे. वजन वाढत नसेल, तर डब्याच्या दुकानापूर्वीं डॉक्टरांकडे जावें. पुष्कळदां बाळास छातीशीं नीट धरण्याचीच अडचण असते. आणि ज्या थोड्या माता आजारामुळें किंवा अन्य कारणानें खरोखरच पाजूं शकत नाहींत, त्यांस दोष देणें हा अन्याय होय. अपुऱ्या दिवसांच्या आणि आईच्या दुधास पारख्या झालेल्या बाळांसाठीं मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातृदुग्धपेढी उघडली. आशिया खंडांतील अशी ती पहिली पेढी. आईचें दूध परक्या बाळासाठीं जपून ठेवण्याइतकें मोलाचें आहे, हें तिनें दाखवून दिलें.

घरांत पाळणा हालत असेल, तर वाटींतील दुधाचा रंग पाहणें सोडून द्या. बाळास वजनाच्या कांट्यावर ठेवा, बाळंतिणीच्या ताटांत काय वाढलें आहे तें पाहा, आणि तिला धीर द्या. धीरानें दूध दाट होणार नाहीं. पण भीतीनें तें उतरावयास अडतें, हें मात्र खरें आहे.